प्लॅटिनमच्या दोन अणूंची क्षणभराची जवळीक

अतिनील लेसरचा झोत पडताच एका स्फटिकातले काही रेणू बदलतात. ही उत्तेजित अवस्था टिकते सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम पन्नास भाग, तेही स्फटिक उणे २५६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला तर. मग हिरवा उजेड सोडून ते रेणू पूर्ववत होतात. एवढ्याशा अवधीत त्यांचे अणू किती सरकले, हे मोजता येतं!

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे स्फटिकशास्त्रज्ञ फिलिप कॉपेन्स यांच्या गटाने २००२ साली हे करून दाखवलं. त्यांनी निवडलेल्या आयनात प्लॅटिनमचे दोन अणू समोरासमोर असतात. फॉस्फरस आणि ऑक्सिजनचे चार पूल त्यांना धरून ठेवतात, पण त्या दोघांमध्ये थेट बंध जवळजवळ नसतोच. अंतर सुमारे २.९ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग.

एकट्या रेणूचं चित्र क्ष-किरणांनी घेता येत नाही. स्फटिकात मात्र असंख्य रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात आणि त्यांनी विखुरलेले किरण एकमेकांत मिसळून ठरावीक दिशांना ठळक ठिपके उमटवतात. पण उत्तेजित अवस्था क्षणभरच टिकते, म्हणून आधी लेसरचा स्पंद सोडायचा आणि रेणू निवायच्या आत क्ष-किरणांचा स्पंद. हे सेकंदाला हजारो वेळा. क्ष-किरणांच्या सलग झोतातून असे तुकडे कापायला खाचा असलेली, वेगाने फिरणारी चकती लागते.

खरी कसोटी पुढे आहे. एका वेळी उत्तेजित होतात शेकडा दोनच्या आसपास रेणू. हजार जण गात असताना वीस जणांनी सूर किंचित चढवावा आणि तो आपण ओळखावा, तसं हे काम! त्यासाठी प्रत्येक ठिपक्याची तीव्रता लेसरसह आणि लेसरविना, लागोपाठ मोजली गेली. दोन्हींतल्या बारीकशा फरकात उत्तर दडलेलं होतं: प्लॅटिनमचे अणू सुमारे ०.२८ अँगस्ट्रॉमने जवळ आले होते.

कारण फार सुंदर आहे. प्रकाशाने उचललेला इलेक्ट्रॉन आधी बंधाला विरोध करणाऱ्या जागी असतो. तिथून तो बंध घट्ट करणाऱ्या जागी जातो आणि धातूच्या दोन अणूंमध्ये खराखुरा बंध जुळतो. क्वांटम सिद्धांताने कागदावर सांगितलेली ही हालचाल इथे थेट अंतर म्हणून मोजली गेली.

अणू सरकत असतानाच पकडायचे, तर स्पंद याहून कोट्यवधी पटींनी आखूड हवेत. कॅलिफोर्नियातल्या क्ष-किरण लेसरकडून २००९ पासून तसे फेम्टोसेकंदांचे स्पंद मिळू लागले आहेत.