सर्टिफिकेट मिळालं, पण शिकलात काय?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी का उसळते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणाचा तरी गेल्या वर्षीचा फील्ड प्रोजेक्ट हाती लागतो, नाव आणि रोल नंबर बदलतो, स्पायरल बाइंडिंग होतं आणि फाइल सबमिट! ओळखीच्या काकांच्या ऑफिसातून इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणणारेही असतातच. मार्क मिळतात, क्रेडिट जमा होतात. मग बिघडलं कुठे?

जरा हिशेब मांडू या. आपल्या राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीला लागू झालं. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, लोकांत जाऊन करायचं काम हे सगळं आता अभ्यासक्रमातच आलंय. यूजीसीच्या आराखड्यात अशा कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेत. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रोजेक्टला ६० तास! फाइल कॉपी केली की हे तास वाचले असं वाटतं. खरं तर ते आपण फुकट घालवलेले असतात.

अनुभवातून शिकण्याची कल्पना काही आजची नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. तिकडे अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी हाच विचार मांडला. हे ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे प्राध्यापक. पण ड्यूईंनी १९३८ मध्येच एक इशाराही देऊन ठेवलाय: प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. पुढे १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी या शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. काम करा, त्याकडे मागे वळून बघा, त्यातून काही सूत्र सापडतंय का ते शोधा आणि ते सूत्र पुन्हा वापरून बघा. आपली गाडी बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडते.

समजा, तुम्ही कॉमर्सला आहात आणि प्रोजेक्टसाठी गल्लीतलं किराणा दुकान निवडलंत. नुसतं काउंटरवर ६० तास बसलात तर पाठ दुखेल, बाकी काही नाही. त्याऐवजी एक प्रश्न घेऊन बसा: यूपीआय असताना काका उधारीची वही का ठेवतात? पहिल्या दिवशी उत्तर मिळेल, 'ओळखीची माणसं आहेत.' रोज थोडं लिहीत राहिलात तर आठवड्याने कळेल, की कुणाचा पगार महिन्याला होतो, कुणाची मजुरी आठवड्याला आणि पावसाळ्यात काहींचं कामच बंद असतं. वहीत पैसे अडकलेत आणि होलसेलवाला तर दारात उभा. आता 'वर्किंग कॅपिटल'चा धडा पुन्हा उघडा. तो वेगळा वाटेल! मग उधारी कुठल्या आठवड्यात वसूल होते ते मांडून काकांना दाखवा. त्यांनी माल भरायचा दिवस बदलून बघितला, तर तुमची चौथी पायरीही झाली.

सगळ्यांना हे सोपं नाही, हेही खरं. तालुक्याच्या गावात इंटर्नशिपला कंपन्या कुठून येणार? संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्याने आणखी ६० तास आणायचे कुठून? अशा वेळी गाइडला सरळ विचारा, 'सर, मी करतोय त्याच कामावर प्रोजेक्ट चालेल का?' कदाचित हो म्हणतील. आणि ट्रेनिंगच्या नावाखाली कुणी नुसता चहा सांगायला पाठवत असेल, तर गप्प बसू नका, कॉलेजला कळवा.

कॉलेजांनीही फक्त फाइल जमा करून थांबू नये. प्रोजेक्टनंतर वर्गात एक तास तरी चर्चा व्हायला हवी. होत नसेल तर तुम्हीच मागा, तुमचा तो हक्क आहे.

उद्या मुलाखतीत कुणीतरी विचारेलच, 'या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत?' बोलायचं तुम्हालाच आहे. फाइल तर कॉलेजच्या कपाटात पडलेली असेल.