गोमंतकाचा चेंडू

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. दिवेलागण होऊन मुलांचें शुभंकरोति आटोपलें होतें. मी ओसरीवर पोथी उघडून बसलों होतों. इतक्यांत आमचा आठवींतील नातू वर्तमानपत्र हातीं घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, क्युरासाओ हा देश केवढा आहे हो?" अनेक वर्षें भूगोल शिकविलेल्या माणसाला हा प्रश्न खरोखर सोपा वाटावयास हवा होता, परंतु मला उत्तर येईना! अखेर फडताळांतील नकाशांचें पुस्तक काढलें. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, कॅरिबियन समुद्रांत, डच राज्याच्या छत्राखालीं असलेलें हें एक इवलेंसें बेट. क्षेत्रफळ अवघें ४४४ चौरस किलोमीटर. वस्ती सुमारें दीड लाख. या बेटाच्या फुटबॉल संघानें जमैकाशीं शून्य-शून्य अशी बरोबरी साधून सन २०२६ च्या विश्वचषक स्पर्धेंत प्रवेश मिळविला होता. इतक्या थोड्या लोकसंख्येच्या कोणत्याहि देशाला हा मान पूर्वीं मिळाला नव्हता.

"म्हणजे आपल्या नाशिक शहराचा एक दशांश!" नातवानें हिशेब केला. तो बरोबरच होता. सन २०११ च्या शिरगणतींत नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार भरली होती. "मग आजोबा, आपण कां नाहीं?" त्याचा हा प्रश्न पुरा होतो न होतो तोंच माजघरांतून सूनबाईंचा आवाज आला, "उद्यांपासून चेंडू बंद! शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली आहे." मुलानें माझ्याकडे पाहिलें. मला निवाडा करणें प्राप्त होतें. पण निवाडा देण्यापूर्वीं साक्षीपुरावा पाहावा, हा न्यायाचा पहिला नियम. मीं त्यास सांगितलें, "मला थोडे दिवस दे."

पुरावा शोधण्यासाठीं कॅरिबियन समुद्रापर्यंत जाण्याचें कारण पडलें नाहीं. आपल्या शेजारींच, जेथें मंगेशीच्या आणि शांतादुर्गेच्या दर्शनास आपल्यापैकीं कित्येक कुटुंबें नेमानें जातात, त्या गोमंतकांत तो मिळाला. गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि सन २०११ ची वस्ती १४ लाख ५८ हजार. म्हणजे संबंध गोवा माणसांच्या संख्येनें आपल्या एका नाशिक शहराएवढा! या चिमुकल्या भूमीनें फुटबॉलच्या मैदानांत जें केलें, तें ऐकून कोणाहि मराठी माणसास अभिमान वाटेल.

प्रथम एक शंका दूर करूं. चेंडू खेळणें हें साहेबी खूळ आहे असें आपल्यांतील पुष्कळ वृद्धांस वाटतें. पण आपल्या प्राचीन वाङ्मयाला कंदुकक्रीडा मुळींच अपरिचित नाहीं. दण्डीच्या दशकुमारचरितांत कंदुकावती नांवाची राजकन्या देवीच्या उत्सवांत सर्व प्रजेसमक्ष चेंडूचा खेळ करिते. महाभारताच्या आदिपर्वांत कुरुकुमारांची वीटा खेळतां खेळतां विहिरींत पडली, आणि ती काढून देण्याच्या निमित्तानेंच द्रोणाचार्यांचा कुरुकुलांत प्रवेश झाला. म्हणजे भारतीय युद्धांतील सर्वांत मोठा आचार्य हस्तिनापुरास मिळाला तो मुलांच्या खेळामुळें! तेव्हां खेळाचा आणि विद्येचा उभा दावा आहे असें मानण्यास शास्त्राधार नाहीं.

गोव्यांत फुटबॉल आला तो सन १८८३ मध्यें. विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाचे एक पाद्री प्रकृतिस्वास्थ्यासाठीं बारदेशांतील शिवोली गांवीं येऊन राहिले. हवापालट करण्यास आलेल्या माणसानें स्वस्थ बसावें. पण हे गृहस्थ शिक्षक वृत्तीचे. त्यांनीं गांवच्या मुलांना जमविलें आणि चेंडू दिला. पुढें त्यांनीं हडफडें येथें शाळा काढली, तेथेंहि हा खेळ रुजला. धर्मोपदेशकाची दीक्षा घेण्यासाठीं राशोलच्या मठांत राहणारे तरुण हा खेळ शिकले, आणि दीक्षा घेऊन जेथें जेथें नेमणूक झाली तेथें तेथें तो घेऊन गेले. प्रत्येक गांवीं चर्चपुढें मोकळें पटांगण असेच. शिवाय भाताची कापणी झाली कीं शेतें रिकामीं पडत. त्या खुंटांच्या शेतांत बांबूचे दोन खांब रोंवले कीं झालें मैदान! गांवागांवांतील चुरशीचे सामने त्याच शेतांत होऊं लागले. राज्य पोर्तुगीजांचें होतें. पण खेळ तेथें रुजला तो एका इंग्रजी बोलणाऱ्या पाद्र्याच्या हातून आणि गांवकऱ्यांच्या पायांनीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, आणि तेथील संघाला भारतांतील इतर प्रांतांच्या पंक्तींत बसण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रांताप्रांतांतील संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा, तिला संतोष करंडकाची स्पर्धा म्हणतात. बंगालमधील संतोष संस्थानच्या महाराजांचें नांव असलेली ही स्पर्धा सन १९४१ पासून चालू आहे, आणि तिच्यावर दीर्घ काल बंगालचें जणुं स्वामित्वच होतें. गोव्याचा संघ वर्षानुवर्षें जाई, खेळे आणि परत येई. सन १९७८-७९ मध्यें श्रीनगर येथें तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. पण बंगालनें एका गोलानें त्याचा पराभव केला.

आतां चार वर्षांनंतरचें चित्र डोळ्यांपुढें आणा. सन १९८२-८३ चा अंतिम सामना प्रत्यक्ष कलकत्त्यांत, बंगालच्या अंगणांत. सन १९८१ च्या शिरगणतीप्रमाणें पश्चिम बंगालची वस्ती साडेपांच कोटींच्या घरांत होती, गोव्याची दहा लाखांची. एकास पन्नासाहून अधिक असें हें प्रमाण! सामना शून्य-शून्य असा सुटला. पुन्हां खेळविला, पुन्हां शून्य-शून्य. अखेर दोघांना संयुक्त विजेते ठरविण्यांत आलें, आणि गोव्याच्या इतिहासांत प्रथमच संतोष करंडकावर त्याचें नांव कोरलें गेलें.

पुढच्याच वर्षीं, सन १९८३-८४ मध्यें, मद्रास येथें गोव्यानें पंजाबचा एका गोलानें पराभव केला आणि या खेपेस करंडक एकट्यानें जिंकला. त्या संघाचा नायक होता ताळगांवचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. संबंध स्पर्धेंत या वीरानें प्रतिपक्षाला एकहि गोल करूं दिला नाहीं. फुटबॉलमध्यें टाळ्या मिळतात त्या गोल करणाराला. गोलरक्षकाचें काम आपल्या एकत्र कुटुंबांतील कर्त्या माणसासारखें असतें. त्यानें सर्व निभावलें तर कोणास कळतहि नाहीं. एकदां चुकला कीं सर्वांच्या तोंडीं! ब्रह्मानंद यांनीं पुढें भारताच्या संघाचेंहि नायकत्व केलें. त्यांना सन १९९७ मध्यें अर्जुन पुरस्कार आणि सन २०२२ मध्यें पद्मश्री हा मान मिळाला. खेळाची झीज भरून निघण्यास कांहीं वेळा पंचवीस-तीस वर्षें लागतात, हेंहि यावरून दिसतें.

त्यानंतर सन १९८९-९० मध्यें मडगांवीं, स्वतःच्या लोकांसमोर, गोव्यानें केरळवर दोन-शून्य असा विजय मिळविला. सन २००५-०६ मध्यें कोचीस महाराष्ट्राला तीन-एक असें हरविलें. आणि सन २००८-०९ मध्यें चेन्नईस जुना प्रतिस्पर्धी बंगाल पुन्हां समोर आला. पुन्हां तेंच शून्य-शून्य! परंतु या वेळीं निर्णायक फटक्यांत गोवा सरस ठरला. कलकत्त्यांत निम्मा राहिलेला हिशेब सव्वीस वर्षांनीं पुरा झाला.

हें यश कशानें आलें? मला तीन कारणें दिसतात. पहिलें, मैदान घराजवळ होतें. मुलाला खेळावयास बस धरून जावें लागत नव्हतें. दुसरें, खेळाला सर्व गांवाचा आश्रय होता. फेस्ताच्या दिवसांत सामने होत, आणि बाया-बापड्यांसह सगळा गांव शेताच्या बांधावर बसे. तिसरें, धनिकांनीं हात आंखडता घेतला नाहीं. साळगांवकर, धेंपे यांसारख्या खाणमालक घराण्यांनीं आपल्या नांवाचे संघ उभे केले आणि खेळाडूंच्या उदरनिर्वाहाची सोय लावली. धेंपे यांच्या संघानें तर सन २००५ ते २०१२ या काळांत पांच वेळां देशाचें विजेतेपद मिळविलें. चर्चच्या पटांगणांत जन्मलेला खेळ हिंदु पेढीवाल्यांच्या आश्रयानें वाढला, आणि एकाच संघांत शंखवाळकर व कुतिन्हो खांद्याला खांदा लावून खेळले. धर्मभेदाची भिंत पाडण्यास व्याख्यानापेक्षां चेंडू अधिक समर्थ असतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गोव्याची ही पुण्याई गोव्याबाहेरहि कामास आली. सन १९५६ मध्यें मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत भारतानें ऑस्ट्रेलियाला चार-दोन असें हरविलें, त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. तो मुंबईकर, पण गोमंतकीय कुळांतला. त्या वर्षीं भारत चौथा आला. तेवढी मजल त्यानंतर आपणांस पुन्हां मारतां आलेली नाहीं.

आतां क्युरासाओकडे वळूं. केवळ लहान असणें हाच मोठा गुण आहे, असा विपरीत अर्थ कोणीं काढूं नये. त्या बेटाच्या संघांतील पुष्कळसे खेळाडू हॉलंडमध्यें जन्मले आणि तेथील नामांकित संघांच्या शाळांत तयार झाले. मूळ बेटाचें, मशागत हॉलंडची! याच समुद्रांतील त्रिनिदाद व टोबॅगो हा देश सन २००६ मध्यें जर्मनींतील विश्वस्पर्धेंत खेळला आणि बलाढ्य स्वीडनला त्यानें बरोबरींत रोखलें. त्या देशाची वस्ती तेरा-चौदा लाख, म्हणजे पुन्हां आपल्या नाशिकएवढीच. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं तेथें नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशजहि त्या देशाचे नागरिक आहेत. तात्पर्य, संख्या हें निमित्त आहे. बीज थोडें असलें तरी चालतें. वाफा तयार पाहिजे.

आणि हा वाफाच आतां गोव्यांतहि आटत चालला आहे. भाताच्या शेतांवर इमारती उठल्या. सन २०१२ मध्यें खाणी बंद पडल्या. सन २०१६ मध्यें राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या रचनेविषयीं मतभेद होऊन साळगांवकर आणि धेंपे यांच्या संघांनीं त्या स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. सन २००९ नंतर संतोष करंडक गोव्याकडे आला नाहीं. सन २०१७ मध्यें बांबोळीस बंगालकडून, आणि सन २०२४ मध्यें अरुणाचल प्रदेशांत सेनादलाकडून, दोन्ही वेळां अंतिम सामन्यांत एकेका गोलानें तो हुकला. तरी अंतिम सामन्यापर्यंत पोंचण्याची जिद्द या मातींतून अद्यापि गेलेली नाहीं.

आतां निवाड्याची वेळ आली. आणि येथें न्यायाधीशानेंच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें पाहिजे. मी शिक्षक असतांना एका वर्षीं दहावीच्या वर्गांतील एका मुलाचा चेंडू मीं काढून घेतला आणि कपाटांत कुलुपांत ठेवला. "परीक्षा झाल्यावर मिळेल," असें सांगितलें. मुलगा उलट बोलला नाहीं. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, आणि मी स्वतःवर फार खूष झालों. चेंडू मात्र मागावयास तो आला नाहीं. पुढें कपाट आवरतांना तो मला सांपडला, तेव्हां त्यांतली हवा गेलेली होती. त्या दिवशीं मला कांहीं वाटलें नाहीं. आज गोव्याचा हा इतिहास जुळवितांना मात्र तो चेंडू पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यानें धावपटु दिली ती सावरपाड्याची कविता राऊत. नौकापटु दिला तो चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोहीचा दत्तू भोकनळ. दोघेहि सन २०१६ च्या ऑलिंपिकला गेले. हीं मुलें पाड्यावरून आणि कोरडवाहू गांवांतून आलीं. आपल्या सुशिक्षित घरांतून पुस्तकें आहेत, दूधतूप आहे, वडील माणसांचें लक्ष आहे. नाहीं ती एक मोकळीक. मुलगा घामाघूम होऊन आला कीं आपण प्रथम विचारतों, "अभ्यास झाला कां?" "कोण जिंकलें?" असें किती घरांत विचारलें जातें, तें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

मीं निवाडा असा दिला: रोज सायंकाळीं एक तास चेंडू, आणि पहाटे एक तास अधिक अभ्यास. पहांटेच्या अभ्यासास मी स्वतः शेजारीं बसणार. सूनबाईंनीं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मामंजी, पण खेळावयास मैदान कोठें आहे?" या प्रश्नाला मात्र माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. आमच्या आळीमागें लहानपणीं होतें तें मोकळें आवार केव्हांच नाहींसें झालें आहे. तूर्त आम्हीं आळींतील पांच-सहा वडीलधारी मंडळींनीं ठरविलें आहे कीं, पाळीपाळीनें मुलांना गोदाकांठच्या मोकळ्या जागेवर न्यावयाचें आणि दिवे लागण्यापूर्वीं परत आणावयाचें. काल माझी पाळी होती. चेंडू एकदां माझ्या पायाशीं येऊन थांबला. मीं इकडेतिकडे पाहिलें, धोतराचा सोगा सांवरला आणि तो परत मारला. नेम चुकला, पण मुलें हंसलीं, आणि खेळ पुढें चालू झाला.