घरातले जुने कागद
घरच्या पेटीत जुनी पत्रे असतात. त्यांना रद्दी समजू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, घरोघरचे जुने कागद त्यांनी मिळवले. त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाचे २२ खंड निघाले. १९२६ साली ते धुळ्यास वारले. त्यांचे कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जपले.

आपणही आपल्या घराण्याचे कागद जपू या. पत्रे स्वच्छ फडक्यात बांधून कोरड्या डब्यात ठेवावी. नाहीतर वाळवी खाते. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलकेच नावे लिहावी. धाब्याचे जुने घर पाडण्याआधी त्याचा फोटो काढावा. ते कुणी, कधी बांधले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ती गेली, की सांगणार कोण? आता आपल्याला लिहिता येते. मग आजच लिहू या.