टीमसाठी टूल निवडताय? आधी रेंज बघा!

आजचा प्रश्न: जिरा घ्यायचं की ट्रेलो? २००१ मध्ये १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यातलं पहिलंच मूल्य सांगतं, की टूलपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोठा. म्हणून फीचर्सची यादी नंतर. समजा, टीममधला एक जण इंझोरीहून मोबाईल डेटावर काम करतोय. बोर्ड उघडायलाच वेळ लागला तर तो अपडेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार, आणि बोर्ड खोटा पडणार. ट्रेलोचं मोबाईल अ‍ॅप ऑफलाईनही चालतं. रेंज आली की बदल सिंक होतात. जिरात स्प्रिंट, बॅकलॉग, रिपोर्ट तयार मिळतात, १० जणांपर्यंत फुकट. दोन्ही एकेक आठवडा वापरून बघा. पण शेवटचा शब्द कमी रेंजवाल्याचा! भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.