बोलताना ‘ते... हे...’ का येतं? अडखळणं म्हणजे अज्ञान नव्हे!

नांदेडच्या बसस्थानकावर कुणी घाईत विचारतं, ‘गेली का हो, लातूरची?’ व्याकरणाच्या पुस्तकात हेच वाक्य ‘लातूरची बस गेली का?’ असं असतं. बसस्थानकावर कुणाचं काही अडत नाही. पण तोंडी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत असं बोललं, मध्येच अडखळलं, की ‘याला नीट बोलता येत नाही’ असा शिक्का बसतो. तो बरोबर आहे का?

क्रियापद शेवटी
मराठीत आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येतं. देगलूरपलीकडची तेलुगू, उदगीरपलीकडची कन्नड आणि दूरची जपानीही याच घडणीच्या भाषा. ‘मी उद्या लातूरला येणार...’ इथपर्यंत ऐकलं, तरी ‘आहे’ की ‘नाही’ हे शेवटच्या शब्दावरच ठरतं. इंग्रजीत हा नकार आधीच कळतो.

शब्द मागेपुढे झाले तर?
‘आजीनं नातीला पेढा दिला’ किंवा ‘पेढा दिला नातीला, आजीनं’; कुणी कुणाला दिला, हे प्रत्ययांमुळं दोन्हीकडं कळतं. जपानीत हे काम ‘गा’, ‘ओ’, ‘नि’ असे शब्दांमागं लागणारे छोटे शब्द करतात. म्हणूनच दोन्ही भाषांत बोलताना महत्त्वाचं आधी येतं आणि राहिलेलं क्रियापदानंतर जोडलं जातं.

‘ते’ आणि ‘आनो’
शब्द आठवेपर्यंत आपण ‘ते... हे... काय म्हणतात त्याला’ म्हणतो. जपानी माणूस ‘आनो’ म्हणतो. गंमत म्हणजे ‘आनो’चा मूळ अर्थही ‘तो, ती, ते’ असाच. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ मध्ये इंग्रजीतल्या अशा आवाजांबद्दल मांडलं, की बोलणारा त्यातून ‘जरा वेळ लागतोय’ असा इशारा देतो.

तोतरेपणा वेगळा
‘प-प-पाणी’ असा पहिलाच आवाज पुन्हा पुन्हा येणं, तो लांबणं किंवा शब्द ओठांवर अडकणं, ही तोतरेपणाची लक्षणं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ती दिसू शकतात आणि अनेकांची आपोआप जातात. सहा महिन्यांनंतरही टिकली किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाचा उपचार तज्ज्ञांना दाखवावं. मुलावर रागावू नये, त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये.

मुलाखतीला जाताना
● प्रश्न ऐकल्यावर क्षणभर शांत राहिलं तरी चालतं.
● आधी उत्तर, मग कारण सांगा.
● एका वाक्यात एकच मुद्दा ठेवा. वाक्य छोटं असलं, की क्रियापद लवकर येतं आणि समोरच्यालाही ताटकळावं लागत नाही.

एखादं ‘म्हणजे’ आलंच, तर घाबरू नका. प्रश्न विचारणाऱ्याच्या बोलण्यातही ते असतंच.