ओळीमागून ओळ

कविता लिहिणाऱ्या माणसाने संगणकाच्या फायलींवर बोलावं, याचं काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण आज ज्या हत्यारांविषयी बोलणार आहे, त्यातल्या एकाचा जन्म चक्क लेखकाच्या शोधातून झाला.

अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये, मुख्यतः न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून, एक लेखमाला आली. एकूण लेख ८५. ‘फेडरॅलिस्ट पेपर्स’ या नावाने ती ओळखली जाते. लेखक तिघे, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. पण खाली टोपणनाव एकच, ‘पब्लियस’. त्यांपैकी १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १९६४ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी शब्द मोजून तो सोडवला. भारदस्त शब्द नव्हेत, लिहिताना ज्यांच्याकडे आपलं लक्षही नसतं असे बारके शब्द. हॅमिल्टन ‘अपॉन’ सढळ हाताने वापरतो, मॅडिसन क्वचित. हॅमिल्टनचा ‘व्हाइल’ तिथे मॅडिसनचा ‘व्हिल्स्ट’. वादातले लेख मॅडिसनच्या पदरात पडले.

पुढे न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत ली मॅकमेहन यांना हेच लेख संगणकावर तपासायचे होते. मजकूर साधारण एक मेगाबाइट, म्हणजे आजच्या फोनमधला एखादा फोटो याहून मोठा असतो. पण तेव्हाच्या यंत्राच्या स्मृतीत तो मावेना, कारण तिथला संपादन करणारा प्रोग्राम अख्खी फाईल आधी पोटात घ्यायचा. ब्रायन कर्निगन सांगतात की, केन थॉम्पसन यांनी त्या प्रोग्राममधला शोध घेणारा भाग वेगळा काढला आणि एका रात्रीत नवं हत्यार हातात ठेवलं. त्याचं नाव ‘ग्रेप’.

ग्रेप फाईल ‘उघडत’ नाही. एक ओळ वाचतो, हवा तो शब्द तीत आहे का पाहतो, असला तर ओळ दाखवतो आणि ती विसरून पुढच्या ओळीकडे वळतो. धान्य पाखडणारी बाई अख्खं पोतं सुपात ओतत नाही. सुपात मावेल तेवढंच घेते. म्हणूनच जी फाईल लेखनाच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये उघडायला गेलं की संगणक गोठतो, ती ग्रेप सहज चाळून देतो. फाईल कितीही मोठी असो, ओळ छोटीच असते. आम्हा कवींना हे कुणी वेगळं सांगायला नको.

अशी पुष्कळ छोटी हत्यारं आहेत, आणि प्रत्येकाला काम एकच येतं. ती एकमेकांना जोडावीत, बागेतला रबरी नळ नळाला जोडतात तशी, असं टिपण डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती सोय ‘युनिक्स’ प्रणालीत आणली. जोडणीची खूण म्हणजे एक उभी रेघ. आपल्या पोथ्यांतल्या दंडासारखीच दिसते, पण पोथीत दंड आला की ओळ थांबते. इथे रेघ आली की एकाने दिलेलं दुसरा घेतो. हे हुकूम जिथे टाइप करायचे ती जागा म्हणजे शेल. तेच हुकूम एका फायलीत लिहून ठेवले, पुन्हा हवे तेव्हा चालवले, की झाली शेल स्क्रिप्ट.

या जोडणीची करामत १९८६ मध्ये सगळ्यांना दिसली. जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द संख्येसह काढा. क्नूथ यांनी पानंच्या पानं भरणारा देखणा प्रोग्राम लिहिला. त्याचं परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे आलं आणि त्यांनी तेच काम सहा हुकमांत करून दाखवलं. जे अक्षर नाही तिथे ओळ तोड, म्हणजे प्रत्येक शब्द आपल्या ओळीवर येतो. मोठी अक्षरं छोटी कर. ओळी क्रमाने लाव. शेजारच्या सारख्या ओळी मोज. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लाव. वरच्या अमुक इतक्या दाखव. न्याय करायचा तर क्नूथ यांना प्रोग्राम लिहिण्याची एक शैली दाखवायची होती, आणि मॅकिलरॉय यांनी तिची तारीफही केली. पण लोकांच्या लक्षात राहिले ते सहा हुकूम.

यातला क्रम लावण्याचा हुकूम खरा कष्टाळू. ओळ वाचून विसरण्याची चैन त्याला नाही, कारण शेवटची ओळ पहिल्या जागी जाणारी असू शकते. मग स्मृतीत न मावणारी फाईल तो कशी लावतो? परीक्षेच्या हजारो उत्तरपत्रिका क्रमांकाने लावायच्या असल्या तर आपण काय करतो? हाताला पेलतील एवढे गठ्ठे करतो, एकेक गठ्ठा लावून ठेवतो, मग सगळ्या गठ्ठ्यांच्या वरच्या उत्तरपत्रिका पाहून त्यांतली सर्वांत लहान क्रमांकाची उचलत जातो. हुकूमही नेमकं हेच करतो. गठ्ठे तेवढे तात्पुरत्या फायलींत ठेवतो.

मजकूर रकान्यांचा असेल, नाव, गाव, रक्कम असा, तर ‘ऑक’ कामाला येतो. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७ मध्ये तो केला. नावही त्यांच्या आद्याक्षरांवरून. तिसऱ्या रकान्याची बेरीज हवी असेल तर ओळभर हुकूम पुरतो. अडचण येते ती रकाने स्वल्पविरामाने तोडलेले असतात तेव्हा. पत्त्यात ‘घर क्र. १२, मोमीनपुरा’ असं आलं की साधा ऑक एका पत्त्याचे दोन रकाने करतो आणि पुढची रक्कम भलत्याच जागी सरकते. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम ओळखण्याची सोय मूळ ऑकमध्ये २०२३ च्या सुमारास आली.

आता ती सहा हुकमांची साखळी मराठी मजकुरावर जशीच्या तशी चालवून पाहा. हाती येतो आकडा १ आणि त्यापुढे कोरी जागा. अख्खी ज्ञानेश्वरी दिली तरी उत्तर तेच. कारण पहिल्या हुकमाच्या लेखी अक्षर म्हणजे ‘ए’ ते ‘झेड’. बाकी सगळं तोडण्याजोगं. म्हणून आपण उलट सांगायचं: अक्षरं ठेव असं नाही, तर मोकळी जागा आणि विरामचिन्हं आली की तोड. मग चालतं. चालतं याचं श्रेय पुन्हा थॉम्पसन यांनाच. १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक सोबत असताना, ताटाखालच्या कागदावर त्यांनी ‘यूटीएफ-८’ ही लिपी साठवण्याची पद्धत आखली. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, पण त्या तिन्हींत मोकळी जागा किंवा स्वल्पविराम असल्याचा भास कधीच होत नाही. ‘कविता’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. यंत्राला तो पाच चिन्हांचा, पंधरा बाइटांचा. मूळ ऑक त्याची लांबी पंधराच सांगत असे. ऐंशी वर्षांच्या कर्निगन यांनी २०२२ मध्ये तो दोष काढला.

आणखी काही खोडी आपल्या लिपीच्याच. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर फरक दिसत नाही, मोजणीत मात्र ते दोन शब्द होतात. गज़लेतल्या नुक्त्याचंही तसंच. शब्दकोशात ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ साध्या क्रमवारीत ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो. त्यात आपल्या विभक्त्या. ‘अपॉन’ कुठेही अपॉनच राहतो. आपलं घर मात्र घरात, घराला, घराशी असं हिंडत असतं, आणि ग्रेपकडे नुसतं ‘घर’ मागितलं तर ‘घरंगळत’सुद्धा येतं.

एवढं सांभाळून मी माझ्या संग्रहांतल्या कविता मोजून पाहिल्या. पाऊस माझ्या कल्पनेपेक्षा बराच कमी निघाला. ‘आई’ पानोपानी होती. आमच्या घरात आईला अम्मी म्हणतात. ‘अम्मी’ तीनदा आली. ग्रेपकडून त्या ओळी काढून घेतल्या, तर तिन्ही एकाच कवितेतल्या. मी काय लिहितो ते मला ठाऊक आहे असं मी समजत होतो; कोणासाठी लिहितो तेही त्या आकड्यांत होतं.

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांचे अभंग मिसळले आहेत, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. पब्लियसवर चालली ती रीत इथे लावावी, असा मोह होतोच. पण अभंग शतकानुशतकं गायले गेले, उतरवले गेले, आणि गाणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या हातून आधी बदलतात ते हेच बारके शब्द. संत शोधायला जावं आणि लेखनिक सापडावा, असं सहज होईल. तेव्हा फाईल करताना प्रत्येक ओळीपुढे अभंगाचा क्रमांक, प्रत आणि नाममुद्रा असे रकाने हवेत. आणि ते टॅबने तोडावेत. स्वल्पविराम अभंगाच्या छापील ओळीतही असतात.