विरळ हवेचे दुखणे

ऊन लागणे म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मे महिन्यात खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडणारी आपण माणसे. पण उंची लागणे म्हणजे काय, हे आपल्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवर, लातूर सहाशेच्या आसपास. साऱ्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. हे दुखणे साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे सुरू होते. जे आपल्या भूमीत नाही, त्याला आपल्या बोलीत शब्द तरी कोठून असणार? म्हणून केदारनाथाला पोचल्यावर कोणाचे डोके ठणकू लागले, अन्नावरची वासना उडाली, ओकारी झाली, की आपले लोक म्हणतात, पित्त खवळले. हिमालयातले पहाडी लोक पूर्वी याला 'विष' म्हणत आणि रानफुलांच्या वासावर दोष ढकलीत. निदान ते त्या डोंगराशी संबंध तरी जोडीत होते!

हवेत प्राणवायू शंभरात २१ भाग असतो, तो गोदाकाठी आणि केदारनाथी सारखाच. कमी होतो तो हवेचा दाब. केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर आहे. तेथे दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशावर येतो, साडेपाच हजार मीटरवर निम्म्यावर. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. शरीर मुकाट बसत नाही. श्वास वाढतो, नाडी जलद होते, मूत्रपिंडे रक्तातला काही क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला वाट करून देतात. पण याला काही दिवस लागतात, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. मुदत न देता काम मागायचे, आणि माणूस कोसळला की त्याला कमजोर म्हणायचे, हा प्रकार आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या चांगला परिचयाचा आहे.

कमजोरीचा येथे काहीच संबंध नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी सपाटीवरचे जवान घाईघाईने उंच सीमेवर पोचवले गेले आणि पुष्कळ आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदरसिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा १९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभरचे वैद्यक त्याचा आधार आजही घेते. ते सारे तपासून भरती केलेले तरणेबांड गडी होते. घात केला तो चढण्याच्या वेगाने.

आता आपल्या यात्रेचा वेग पाहा. रजा मोजकी, म्हणून यात्रा कंपनी आठ-दहा दिवसांत चारी धाम बसवते. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या आसपास. तेथून एका दिवसात दीड हजार मीटरहून अधिक चढून वर मुक्काम. खेचरावर बसले म्हणून सुटका नाही. पाय वाचतात, उंची तीच. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत वर. जाणते सांगतात की तीन हजार मीटरच्या पुढे रात्रीचा मुक्काम रोज पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे एवढ्यावर असेल तर तेथेच थांबावे. पुढे चढू नये. परंतु बसल्या जागी दम लागला, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला, तर फुप्फुसात पाणी साठत आहे. माणूस झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज येत आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, वाट सुरक्षित असेल तर रात्रीसुद्धा खाली उतरवावे. प्राणवायूची नळकांडी मिळाली तर लावावी, पण उतरणे टाळू नये. असेटाझोलामाइडसारखी औषधे आहेत. ती निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावीत. आपल्या मंडळींच्या खिशातली कापराची पुडी नाक मोकळे झाल्यासारखे वाटायला लावते, प्राणवायू देत नाही. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य.

मोठी अडचण ही की आजारी माणूस बोलत नाही. आपल्यापायी साऱ्यांचे दर्शन हुकेल, या भिडेने काकू गप्प राहतात. खाडा भरेल म्हणून ताप अंगावर काढणारा कामगार आम्ही असाच पाहिला आहे. म्हणून संध्याकाळी प्रत्येकाला विचारणे हे म्होरक्याचे काम समजावे.

नांदेडहून हेमकुंडालाही भाविक जातात. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ साली येथे देह ठेवला, आणि पूर्वजन्मी त्यांनी हेमकुंडाकाठी तप केले अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. ते स्थान चार हजार मीटरच्या वर. पण तेथे रात्री राहू देत नाहीत, दर्शन घेऊन दुपारी घांघरियाला, सुमारे तीन हजार मीटरवर, उतरावेच लागते. ही चाल प्रकृतीला मानवणारी आहे. ओझेवाल्यालाही हे दुखणे होते, तो पहाडातला असला तरी. तो आजारी पडला तर त्याचा हिशेब चुकता करून एकट्याला खाली धाडू नये. सोबत माणूस द्यावा, आणि त्या दिवसाची मजुरीही.